अर्ध्या ब्लेडची पाचवी

माझी पहिली दोन मुलं आठव्या दिवशी गेली. मुलगा बाहत्तरच्या दुष्काळात, मुलगी त्यानंतर दोन वर्षांनी. दोघंही जन्मली तेव्हा धडधाकट होती. रडली, अंगावर प्यायली, आणि सहाव्या दिवशी दूध ओढायची थांबली. मग जबडा गच्च बसला. साधं भांडं वाजलं तरी अंग ताठ होऊन मागं वाकायचं. मुलाच्या वेळी काय चाललंय ते मला कळलं नाही. मुलीनं तोंड मिटलं तेव्हा मात्र मी लगेच ओळखलं. ओळखून उपयोग काहीच झाला नाही.

हे लिहिते आहे ते तिसऱ्या बाळंतपणाबद्दल.

सासर माण तालुक्यातलं, दहिवडीपासून तीन कोस आत. माहेर इस्लामपूरकडचं. आई मी लहान असतानाच गेली होती, त्यामुळे बाळंतपणाला माहेरी जायचा प्रश्न नव्हता. घरात आम्ही दोघीच, सासू आणि मी, आणि दहा-बारा शेरडं. नवरा पलटणीत होता, वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा. मी चौथीपर्यंत शिकलेले, सासूला अक्षर येत नव्हतं. पलटणीतून आलेलं पत्र मी वाचायचे आणि उत्तरही मीच लिहायचे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं सगळं त्यावरच अडलं.

आमच्या घरची रीत अशी होती की नाळ घरच्या विळ्यानं कापायची. शेरडांना पाला तोडायचा तोच विळा, गोठ्याच्या कुडात खोचलेला असायचा. नाळ कापली की वर शेणीची राख दाबायची. मग तो विळा न धुता बाळंतिणीच्या उशाशी ठेवायचा आणि पाचव्या दिवशी पाट्यावर मांडून सटवाईच्या नावानं पुजायचा. मधे धुतला तर सटवाईला राग येतो म्हणत. दोन्ही मुलांच्या वेळी आम्ही हे काटेकोर केलं. मुलं गेल्यावर सासू म्हणाली, पूजेत कायतरी कमी पडलं. दुसऱ्या वेळी तिनं पूजा आणखी मोठी केली होती.

तिसऱ्या वेळी मला पाचवा महिना होता तेव्हा नर्सबाई पहिल्यांदा घरी आली. साल आणीबाणीचं. ती शेजारच्या गावात राहायची आणि सात-आठ वाड्या पायी फिरायची. खांद्याला पिशवी, हातात छत्री. बोलण्यावरून ती वाळव्याकडची, माझ्या माहेरच्या बाजूची आहे हे मी लगेच ओळखलं, आणि मला बरं वाटलं. सासू शेरडं घेऊन माळाला गेली होती.

"किती पोरं?" तिनं विचारलं.

"एक पन न्हाई. दोन झाली, दोन गेली."

"कितव्या दिवशी?"

"आठव्या."

तिनं वहीतून मान वर केली. "तोंड मिटलं हुतं?"

हे मला तोपर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. लोकांनी विचारलं होतं ते पूजा कशी केली, कुणाची नजर लागली, मी कुठं ओलांडून गेले होते. मी व्हय म्हणाले. नाळ कशानं कापली, वर काय लावलं, विळा कुठला, हे तिनं एकेक करून विचारलं. तिच्या तोंडावर कुठंही "अडाणी बायका" असं उमटलं नाही. सगळं ऐकून ती म्हणाली, "हा धनुर्वात. माती-शेणात त्याचं बी असतं, ते नाळेतनं आत जातं. सटवीचा ह्यात काय संबंध न्हाई."

मला रडू आलं नाही. राग आला. दोन मुलं पुरली आणि कारण गोठ्याच्या कुडात खोचलेलं होतं.

तिनं ओसरीवरच स्टोव्ह पेटवला, सुई उकळली आणि दंडात टोचली. "महिन्यानं दुसरी. दुसरी चुकवू नका, नुसत्या पहिलीवर भागत न्हाई," असं दोनदा बजावून गेली.

रात्रीपासून दंड सुजला. सकाळी जात्याचा खुंटा धरवेना, तेव्हा सासूनं विचारलं आणि मी सांगितलं. सासू लगेच ओरडणारी बाई नव्हती. तिनं जातं स्वतः ओढलं, पीठ भरलं, मग म्हणाली, "दुखणं पोराला हुतंय, आन सुई तुला? ही कसली रीत?"

मलाही तोच प्रश्न पडला होता.

पुढच्या महिन्यात गावात नसबंदीची जीप आली. गडी माणसं ओढ्याकडं पळाली, काही दोन दिवस डोंगरातच राहिली. बायकांत बोलणं सुरू झालं की ती सुईसुद्धा त्यातलीच, टोचली की पुन्हा पोर होत नाही. सासूनं सरळ सांगितलं, "झाली तेवढी बास. दुसरी घ्यायची न्हाई. माझ्या ल्योकाचा वंश हाय ह्यो."

वंश तिला हवा होता तसा मलाही हवा होता. भांडण एवढंच होतं की तो वाचणार कशानं.

त्याच आठवड्यात नवऱ्याचं पत्र आलं. सासू नेहमीप्रमाणे चुलीपुढं बसली आणि मी उंबऱ्यात बसून वाचायला लागले. मी येथे खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी, तांबड्या शेळीला करडू झाले हे वाचून आनंद झाला, थंडी फार आहे. एवढंच होतं. एवढं वाचून झाल्यावर मी थांबले नाही. त्याच आवाजात पुढं वाचलं, "पलटणीत आम्हा सर्वांना धनुर्वाताची सुई देतात. घरीही दोन्ही सुया घ्याव्यात. आईने अडवू नये."

सासूनं फुंकणी खाली ठेवली. "परत वाच."

मी परत वाचलं. तेच शब्द, त्याच क्रमानं.

"त्याला कसं कळलं सुईचं?"

"मीच लिवलं हुतं मागच्या पत्रात."

हे दुसरं खोटं. मागच्या पत्रात मी फक्त शेळीचं लिहिलं होतं.

तिनं पत्र माझ्या हातातून घेतलं, घडी घातली आणि देव्हाऱ्यात देवांच्या मागं ठेवलं. सगळी पत्रं ती तिथंच ठेवायची. गावात वाचता येणारी माणसं होती. शाळेचे मास्तर होते, पोस्टमन होता. तिनं नुसतं कुणाच्या हातात दिलं असतं तरी माझं सासर सुटलं असतं. पण तिनं एवढंच म्हटलं, "त्यानं सांगितलंय तर घेऊ."

दुपारी मी नवऱ्याला खरं ते लिहिलं. तुमच्या नावावर असं असं वाचलं आहे, रागवायचं तर सुट्टीवर आल्यावर रागवा. तीन आठवड्यांनी त्याचं उत्तर आलं. खुशाली, थंडी, आणि शेवटी एक ओळ. "मागील पत्रात लिहिल्याप्रमाणे आईने सुईचे पाहावे." ती ओळ मी सासूला जरा मोठ्यानं वाचून दाखवली. त्या माणसाबरोबर मी चाळीस वर्षं संसार केला. तो फार बोलणारा नव्हता आणि मलाही गोड बोलता येत नाही. त्या ओळीबद्दल मी त्याला कधी काही म्हटलं नाही. आता लिहून ठेवते.

दुसरी सुई घ्यायला सासू स्वतः माझ्याबरोबर आली, शेजारच्या गावापर्यंत, उन्हातून. नर्सबाईपुढं बसली आणि सुई उकळून होईपर्यंत डबीवरची नजर काढली नाही. मग तिनं तो प्रश्न विचारलाच. "बाई, दुखणं पोराचं आन सुई हिच्या दंडात. पोटात जाती कशी?"

"मावशी, सुनेनं खाल्लेली भाकरी पोराला पोचती का न्हाई?"

"भाकरी तोंडातनं जाती."

"जाती तोंडातनं, पन हुतंय रगतच. सुईनं आईच्या रगतात ताकद येती, तीच पोराला पोचती."

पटलं असं सासू म्हणाली नाही. पण वादही घातला नाही.

माझी नात आता सांगलीत प्रयोगशाळेत काम करते. तिला मी हा प्रश्न विचारला होता. ती म्हणाली, नर्सबाईंनी बरोबर सांगितलं होतं. लस घेतली की आईच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रथिनं तयार होतात आणि वारेतून, नाळेवाटे, ती पोटातल्या मुलाकडं जातात. ती काही महिने टिकतात, तेवढ्यात मूल स्वतःची तयार करायला शिकतं. आता त्याच वाटेनं मुलाला डांग्या खोकल्यापासून, छातीच्या आजारांपासून वाचवायच्या लसी आयांना देतात. दुधातून काय काय जातं यावर अजून शोध चालू आहेत, सगळं कळलेलं नाही, असंही ती म्हणाली. मला हे आवडलं, की शिकलेली माणसं कळलं नाही म्हणून सांगतात.

सुई दिल्यावर नर्सबाईनं कागदात गुंडाळलेली एक पुडी दिली. आत उकळलेलं अर्धं ब्लेड आणि दोरा. पोर बाहेर आल्याशिवाय उघडायची नाही, नाळ ह्यानंच कापायची, वर काहीही लावायचं नाही.

"आन मग पाचवीला काय पुजू?" सासू म्हणाली. "विळ्यानं नाळ कापलीच न्हाई तर विळा कसा पुजायचा?"

मला वाटलं आता सगळं फिसकटलं. नर्सबाईनं मात्र तिची चेष्टा केली नाही. म्हणाली, "ज्यानं कापली त्याला पुजायचं ना? मग ह्यालाच पुजा."

सासूनं पुडी कनवटीला खोचली.

मुलगी झाली ती सकाळी, शेरडं सोडायच्या वेळेला. सुईण म्हातारी होती, पहिली दोन्ही तिच्याच हातची. पुडी उघडून तिनं ब्लेड दोन बोटांत धरलं आणि सासूला म्हणाली, "ह्यानं गडी मिशा काढत्यात. मला काय न्हावी केलीस व्हय?"

"काप गप," सासू म्हणाली.

तिनं कापलं. राख लावली नाही. ब्लेड कागदात गुंडाळून माझ्या उशाशी ठेवलं गेलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला होता. उठून मुलीचं फडकं सोडलं तर नाळेवर राख. करडी, बोटानं दाबून बसवलेली.

मी सासूला हाक मारली. ती दारात येऊन उभी राहिली आणि माझ्या हातातलं फडकं बघून तिला कळलं.

"वली दिसली," ती म्हणाली. "वाळावी म्हनून लावली. चिमूटभरच."

"कुठली राख?"

"चुलीतली."

चुलीत शेणीच असायच्या. मी उकळलेल्या पाण्यात फडकं बुडवून राख पुसून काढली. सगळी निघाली नाही. सासूला मी काही बोलले नाही, आणि हा माझा समजूतदारपणा नव्हता. तोंड उघडलं असतं तर मी काय बोलले असते ते मलाच माहीत होतं. तिनं वाईट करायला केलं नव्हतं. आयुष्यभर ओल्या नाळेवर राख टाकलेला हात होता, तो आपोआप गेला. पण मुलीच्या नाळेवर राख होती आणि मला आठवा दिवस दिसत होता.

नर्सबाईला बोलवायला सुईणीच्या सुनेला पाठवलं. तर नर्सबाई कामावर दुसऱ्या तालुक्यात गेलेली, कधी येईल ते सांगता येत नव्हतं.

पाचवी आली. सासूनं पाटा धुतला, हळदकुंकवाची बोटं ओढली, कणकेचे दिवे लावले, घुगऱ्या ठेवल्या, आणि मधे कागदावर ते अर्धं ब्लेड. शेजारच्या बायका आल्या. त्यांतली एक बघून म्हणाली, "आगं बया, सटवाईला दाढी करायची हाय का काय?"

सगळ्या हसल्या. मीही हसले असते, दुसरा कुठला दिवस असता तर.

"सटवाईचं सटवाई बघंल," सासू म्हणाली. "तू घुगऱ्या खा."

पूजा नीट केली तिनं. ब्लेडला कुंकू लावताना बोट कापलं, ते तोंडात घालून पुढं चालू ठेवलं.

सहाव्या दिवशी तिनं शेरडं सोडली नाहीत. सातव्याही दिवशी नाही. गोठ्यात ती उपाशी ओरडत होती आणि सासू माझ्या खोलीच्या उंबऱ्यात बसून होती. जेवायला बसली नाही. मी मुलीला पाजायला घेतलं की ती कान देऊन ऐकायची. घुटका गिळल्याचा आवाज आला की मान खाली घालायची. मी सारखी मुलीच्या ओठांना करंगळी लावून बघत होते. तोंड उघडतं का, एवढंच.

आठव्या दिवशी दुपारी मुलगी झोपली ती उठेना. नेहमीपेक्षा जास्त झोपली.

"उठीव तिला," सासू म्हणाली.

"झोपू द्या की."

"उठीव म्हंते."

मी उचललं नाही. हात पुढं जाईना. तेव्हा सासू आत आली. सोवळं-सुवेर सगळं मानणारी बाई, बाळंतिणीच्या बाजेवर टेकली, आणि तिनं आपलं बोट, पाचवीला कापलेलं तेच, पदरानं पुसून मुलीच्या ओठांवर टेकवलं. मुलगी वळवळली. तोंड उघडलं आणि बोट धरलं.

सासू तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "वढतीय गं." थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "चांगली वढतीय."

मी मुलीला पाजायला घेतलं. नवव्या दिवशी सूर्य उगवायच्या आत शेरडं माळाला गेलेली होती.

नर्सबाई बाराव्या दिवशी आली. मुलीला उघडून बघितलं, बेंबी बघितली. राख लागल्याचं मी सांगितलं, कुणी लावली ते नाही. ती हातातलं काम सोडून खाली बसली. "कवा?"

"तिसऱ्या दिवशी."

"तुमच्या दोन्ही सुया झालेल्या हुत्या म्हणून," ती म्हणाली. "एकच असती तर मला सांगता आलं नसतं."

सासू दारात होती. तिनं ऐकलं.

आता जे लिहायचं आहे ते लिहायला बरं वाटत नाही. नर्सबाईचं घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. आमच्या घरी तिच्यासाठी ओसरीच्या कोनाड्यात वेगळा कप असायचा. पहिल्या दिवशी मी तिला त्यात चहा दिला होता आणि बाराव्या दिवशीही त्यातच दिला. तिनं पिऊन तो स्वतः विसळला आणि कोनाड्यात पालथा ठेवला. सासूची रीत होती असं म्हणून मला सुटता येणार नाही. कप माझ्या हातात होता, आणि माझी मुलगी तिच्यामुळे माझ्या मांडीवर होती. ती जायला निघाली तेव्हा मी "येत जावा" म्हणाले. त्याहून जास्त काही नाही. पुढच्या वर्षी तिची फलटणकडं बदली झाली. नंतर मी चौकशी केली, पण तोवर ती तिथूनही गेली होती. मुलीला मी नर्सबाईचं सगळं सांगितलं आहे, कपाचं पण. जिच्यामुळे आपण आहोत तिला घरात कसं वागवलं गेलं, हे तिला माहीत असायला हवं.

नवरा सुट्टीवर आला तेव्हा सासूनं देव्हाऱ्यातून ते पत्र काढून त्याच्यापुढं धरलं. "तू लिवलंस म्हनून जगली रं पोरगी."

त्यानं पत्र उघडलं, वरपासून खालपर्यंत वाचलं. शेळी, करडू, थंडी. मग घडी घालून आईच्या हातात परत दिलं आणि म्हणाला, "व्हय."

सासूला खरं कधी कळलं का, मला माहीत नाही. तिनं कधी विचारलं नाही. तिच्या हातून राख लागली होती हेही मी कुणाला सांगितलं नाही, तेवढी आमची फिटंफाट. ती गेल्याला पुष्कळ वर्षं झाली, म्हणून आता लिहिते.

नर्सबाईची बदली व्हायच्या आधी, पाचवीला दाढीचं म्हणालेल्या त्या शेजारणीच्या सुनेला दिवस राहिले. शेजारीण सुई म्हटल्यावर बिथरली होती. एका सकाळी सासूनं शेरडं माझ्यावर सोपवली, पायात वहाणा घातल्या आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. मी आमच्या ओसरीवरून ऐकत होते.

"दुखणं पोराला आन सुई सुनेला," शेजारीण म्हणत होती. "पोटात जाती कशी ती?"

"भाकरी जाती तशी," सासू म्हणाली. "पोरीला चपला घालाय सांग. ऊन व्हायच्या आत जायचंय."